जोनालीले माहेरी पोचवताना

९ जानेवारी, मलकापूर स्टेशन

गाडी लेट. पंचफुलाच्या हट्टापायी निघालो — पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे म्हणे! बायकोपुढं कोणाचं चाललं? पण आमच्या सुनंचं माहेर काही इथं जवळ दुसरबीडले नाही. पार आसामात, तिनसुकियाच्या पुढं. अर्धा हिंदुस्थान ओलांडा!

पोरगा प्रसेनजित पुण्यात कंपनीत आहे, तिथंच त्यानं जोनालीशी लग्न केलं. तिचा बाप लग्नाले आला नाही. तवापासून बोललाही नाही. पंचफुला म्हणते, "पोटुशी लेक दारात पाहून कोणता बाप दार लावते?" लावणारे लावतात. मी तिकिटं काढून आणली. प्रसेनजितले सुट्टी नाही, म्हणून मी. रिटायर माणसाले कोणीही कुठंही धाडते.

दार उघडते का नाही, तेवढं पाहाचं.

१० जानेवारी

रायपूर गेलं. उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली, माह्या घंटीबिगर गाडी हालली नाही. इथं घंटी नाही, कोणी विचारत नाही, गाडी आपली जाते! दोनदा उठून डब्यात चक्कर मारली. जोनाली म्हणे, "बाबा, बसा ना. बिनतिकीट कोणी नाही." हासली. निघाल्यापासून पहिल्यांदाच.

समोरच्या बंगाली बाईनं हौसेनं ठेचा मागितला. अर्धी बाटली पाणी पेली बिचारी.

११ जानेवारी

हावडा. गाडी बदलली. कंबर गेली.

१२ जानेवारी

आसाम लागलं. जिकडं पाहावं तिकडं पाणी. इतकं पाणी, आणि आपल्याकडं टँकर!

पंचफुलाचे फोन चालूच — जेवली का, पाय सुजले का. माहेरचा एक नाही. विचारलं, "घरी कळवलं ना?" जोनाली म्हणे, "आईला कळवलं. ये म्हणाली. बाबांशी बोलते म्हणाली." मंग खिडकीतून बाहेर पाहत राह्यली. मले लक्षण ठीक वाटलं नाही. म्हटलं, "जेवून घे."

१३ जानेवारी, तिनसुकिया

सकाळी स्टेशन यायच्या आधीच तिनं तोंड धुतलं, वेणी घातली, त्यांच्याकडची साडी नेसली. तिथून जीपनं निघालो, तर रस्त्यानं चहाचे मळे दाखवत होती — इथं शाळा, इथं मावशी राहते. पोरगी खुलली होती.

घर नीटनेटकं. बाप बाहेर आला. मले हात जोडले, व्हरांड्यात खुर्ची टाकली, चहा सांगितला. तिच्याकडं पाह्यलं नाही. "आप बैठिए. इसको वापस ले जाइए." बस, इतकंच. आतून आईचं रडणं ऐकू येत होतं. बाहेर काही आली नाही.

मी बसलो नाही. म्हटलं, "हयातभर उभ्यानंच तिकिटं फाडली, आताही उभाच बरा." त्याले काय समजलं कोण जाणे. चहा नाही पेलो.

१४ जानेवारी

परतीची गाडी. जोनाली भिंतीकडं तोंड करून झोपली आहे. राग आला आहे मले. कोणावर काढू?

१८ जानेवारी, मेहकर

घरी पोचलो. पंचफुलानं पोरीवरून भाकरतुकडा ओवाळला आणि रडाले लागली — "माह्याच डोक्यात खूळ होतं वो! पोरीले माहेरच नाही राह्यलं." जोनाली म्हणे, "आई, रडू नका. मी स्वयंपाकाला लागते." इतका प्रवास करून आली, अन् लगेच ओट्यापाशी उभी! माहेरी असती तर पाय लांब करून बसली असती, आईनं हातात ताट दिलं असतं. हे मात्र मले पाहावलं नाही. कणकीचा डबा तिच्या हातातून काढून घेतला. "झोप जाय," म्हटलं.

२२ मार्च

मुलगी झाली. दोघी सुखरूप. प्रसेनजितचा पुण्याहून फोन — "बाबा, शनिवारी येतो अन् दोघींले घेऊन जातो."

म्हटलं, "या जावईबापू, पाहुणचार घ्या, लेकराचं तोंड पाहा. पण सवा महिन्याच्या आत आम्ही आमची लेक सासरी धाडत नसतो."

मंग म्हणे, "बाबा, मी प्रसेनजित बोलून राह्यलो."

म्हटलं, "ओळखलं."