कच्चं सोल्डरिंग

३ फेब्रुवारी

परत तेच! पडद्यावरची रेघ सरळ चालता चालता मध्येच थरथरायला लागते. बारीक, सारखी, करवतीच्या दातांसारखी. आणि ह्यांचं निदान तयार — "तुझं सोल्डरिंग कच्चं आहे." मान वर न करता!

माझी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तिथे माझ्या एका जोडाबद्दल कुणाचा बोल ऐकला नाही. घरात मात्र मी कच्ची. भूकंपमापक ह्यांचा, कल्पना ह्यांची, बारा तारखेच्या रविवारी इथेच घरी भूगर्भ मंडळासमोर व्याख्यानही ह्यांचंच. गुंडाळी मी गुंडाळली, अ‍ॅम्प्लिफायर मी बांधला. पण ती झाली "थोडीफार मदत".

५ फेब्रुवारी

दिवसभर मागच्या खोलीत. घरातल्या विजेची घरघर रेघेत शिरत असेल म्हणून आधी ट्यूबलाइट बंद केली, मग फ्रिज. (दूध नासलं. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर.) अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवर घेतला. तारेवर जाळीचं वेष्टण चढवलं. अर्थिंग दोन ठिकाणी होतं, ते एकाच ठिकाणी आणलं. रेघ पुष्कळ निवळली. एकटीच हसले.

तेवढ्यात हे आले. यंत्राच्या दगडी ओट्याला खेटून ह्यांची खुर्ची असते, तिच्यात बसले, ओट्यावर हात टेकून पडद्यात डोकावले, आणि — थरथर! जशीच्या तशी.

"म्हटलं नव्हतं?"

चहा दिला तर, "काठोकाठ कशाला भरतेस गं? अर्धा कप देत जा." हल्ली रोज हेच. सांडतात हे आणि दोष माझ्या भरण्याचा.

६ फेब्रुवारी

सगळे जोड उकलून पुन्हा घातले. डोळे चुरचुरतायत. थरथर आहेच.

७ फेब्रुवारी

मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. हे हसत सांगत होते, "यंत्र उत्तम आहे हो, फक्त सोल्डरिंग गृहखात्याकडे आहे ना!" पलीकडचाही हसला असणार. मी दारातच उभी होते. मला ऐकू गेलं हे दिसत असूनही हसत राहिले.

मागच्या वर्षापर्यंत सोल्डरिंग स्वतःच करायचे. मला आयर्नला हात लावू द्यायचे नाहीत. मग एक दिवस अचानक — "तुझा हात चांगला आहे, तूच कर." केवढी हुरळले होते मी! आता कळतंय. नावं ठेवायला कुणीतरी हवं होतं.

ठरलं. दोष माझ्या जोडांचा नाही, हे मी रविवारी मंडळासमोरच सिद्ध करणार. एकदाच. सगळ्यांदेखत.

९ फेब्रुवारी

युक्ती सापडली! इतकी साधी, आधीच सुचायला हवी होती. जमीन हलली की गुंडाळीत इवलासा करंट येतो, तो अ‍ॅम्प्लिफायर मोठा करतो. तेव्हा गुंडाळीच्या तारा सोडवायच्या आणि तिच्या जागी तेवढ्याच ओहमचा साधा रेझिस्टर लावायचा. रेझिस्टरला जमीन हलली काय नि न हलली काय. तरीही थरथर राहिली तर दोष माझ्या जोडांचा. गेली, तर माझं काम चोख आहे आणि ओटा खरोखरच हलतोय.

हे खुर्चीत, एक हात ओट्यावर टेकून, पेपर वाचत होते. मुद्दाम त्यांच्यासमोरच केलं. रेझिस्टर लावला — रेघ सरळ. गुंडाळी लावली — थरथर. पुन्हा रेझिस्टर — सरळ!

"बघा अहो! एक जोड कच्चा नाही. जमीन हलतेय, जमीन!"

पेपर खाली आला नाही. "रस्त्यावरचे ट्रक असतील." इतके दिवस माझं सोल्डरिंग, आणि आज ट्रक! वर उठून चालते झाले.

रात्री ह्यांनी पान अर्धवट टाकलं. मला गोड लागलं जेवण. लागू दे.

१० फेब्रुवारी

सकाळी ट्रकांची वाट बघत बसले. गेले थोडे. त्यांचे फटकारे वेगळेच — येतात, मोठे होतात, विरतात. बाकी सगळी सकाळ रेघ स्वच्छ.

मग हे येऊन बसले. सुरू!

ह्या वेळी मी पडद्याकडे बघितलं नाही, ओट्याकडे बघितलं. उजवा हात कडेवर टेकलेला. अंगठा आणि शेजारचं बोट हलत होतं, बारीक, सारखं, मालकाला न विचारता. पडद्यावर रेघ त्याच ठेक्यात. पान उलटायला हात उचलला, रेघ सरळ झाली. परत टेकला, परत थरथर.

मी बघतेय हे ह्यांना कळलं. डाव्या हाताने उजवा हळूच झाकून घेतला आणि वाचत राहिले. पान तेच होतं.

अर्धा कप. मला देऊन टाकलेलं आयर्न. आणि ह्यांच्या वहीतल्या नोंदींची ती मुंगीएवढी अक्षरं — "वाचता येतील अशी काढा की" म्हणून मी कितीदा खेकसले! ह्यांना माहीत आहे. बऱ्याच दिवसांपासून माहीत आहे. मला कळू नये म्हणून माझ्या हातावर ढकललं.

राग गेलेला नाही. का जावा? बायकोला सांगता येत नाही माणसाला? टोमणे बरे मारता येतात! चडफडत भांडी घासली. मग तिथेच, नळ चालू ठेवून, रडले. फार भीती वाटतेय.

११ फेब्रुवारी

खुर्ची खिडकीपाशी नेली, ओट्यापासून लांब. "इथे उजेड बरा आहे," म्हटलं. हे खुर्चीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग गुपचूप जाऊन बसले.

डॉक्टरांची वेळ घेतली, माझ्या गुडघ्याच्या नावावर. "एकटीला जिना जमायचा नाही, तुम्ही चला." "बरं," म्हणाले. एरवी दहा सबबी सांगितल्या असत्या.

१२ फेब्रुवारी, रविवार

मंडळी आली. रेघ सुरेख. सेक्रेटरींनी विचारलं, "काय निघालं मग शेवटी?" हे खिडकीपाशी. उजवा हात खिशात, नजर माझ्यावर.

"माझंच सोल्डरिंग कच्चं होतं," म्हटलं.

सगळे हसले. हे हसले नाहीत.