तीनच्या जागी एक गोळी

४ फेब्रुवारी १९८९
स. ७ ची तलासरी बस. चढताना पुन्हा झोक गेला, दांडा हाताला लागला म्हणून वाचले. मागून कुणीतरी, "बाई, सकाळीच ताडी?" सगळे हसले. मीही हसले, मूर्खासारखी. शेवटची फिट येऊन दीड वर्ष झालं, हा गोळ्यांचा गुण. पण पाय माझे राहिलेले नाहीत.

७ फेब्रु.
स्थळ आलंय. विलास, वापीला कारखान्यात. १९ ला बघायला येणार. आईला कळलंय, त्याच्या आईने मागच्या मुलीला अंगणात चालून दाखवायला लावलं होतं, पायात काही खोट आहे का बघायला.
आई : "तोवर एकच गोळी घे. पाय सुधारतील."
"आणि फिट आली तर?"
"दीड वर्षात आली का? झाकली मूठ सव्वा लाखाची."
बाबा पेपरात डोकं घालून. पेपर कालचा होता.
रात्री तीनमधल्या दोन बाटलीत परत टाकल्या. आईने नाही, मीच. लिहून ठेवलेलं बरं.

१४ फेब्रु.
कठडा न धरता जिना उतरले! कचेरीत फायलींचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून साहेबांच्या टेबलापर्यंत नेला. इतका आनंद झाला की भीती वाटायची राहूनच गेली.

१९ फेब्रु.
चालले. दारापासून तुळशीपर्यंत आणि परत. त्याची आई, "हां, सरळ आहे हो." जशी काही काठी विकत घेतायत. विलास मान खाली घालून बसला होता. त्याला लाज वाटत होती, ते मला आवडलं.
संध्याकाळी निरोप : पसंत. आईने पेढे वाटले. मला हळूच, "सुपारी फुटेपर्यंत एकच चालू दे."

२३ फेब्रु.
अक्षर वाईट येतंय. काल कचेरीत फिट. मला काहीच आठवत नाही. दगडी पायरीवर पडले, पुढचा दात गेला, जीभ चावली गेलीय. शिपाई कांतीभाई म्हणाले, "बेन, मला वाटला गेल्या तुम्ही."
आई रडली. मग डोळे पुसून, "पाय घसरला म्हणून सांगू." रडणं आणि बेत एका दमात.

२५ फेब्रु.
बाबांबरोबर वलसाडला, डॉ. कडे. डोळ्यांसमोर बोट फिरवलं, टाचेपुढे टाच ठेवून चालवलं. मग मी सगळं सांगितलं.
"झोक जातो हे आधी का नाही सांगितलंस? डोस जास्त होत असेल. रक्त तपासून हळूहळू कमी केला असता. एकदम तोडायच्या नसतात गं."
दीड वर्ष दर दोन महिन्यांनी जात होते. "बरी आहेस?" "बरी आहे." संपलं. मला वाटायचं, फिट थांबायची तर एवढं सोसायलाच हवं. तक्रार केली आणि गोळ्याच बंद केल्या तर?
रिपोर्ट येईपर्यंत पुन्हा तीन. परतताना बाबा एवढंच म्हणाले, "मी बोलायला हवं होतं." हो, हवं होतं.

४ मार्च
झोक परत आला. सुपारी २० ला. आई म्हणते, आधी चार दिवस फक्त... पुढचं ऐकलं नाही, ओरडले तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. तिलाही कुणीतरी असंच चालवलं असेल. पण आज दया आली नाही.

१० मार्च
विलास न कळवता कचेरीत आला. हायवेवर चहा घेतला. सगळं सांगितलं. फिट, गोळ्या, दात. आणि हेही, की तुमच्या आईने पाहिलेलं चालणं माझं नाही. चहावर साय धरली होती, ती त्याने बोटाने बाजूला केली.
"आईला काय सांगू?"
"ते तुम्ही ठरवा."
वापीची बस आली. "कळवतो," म्हणाला आणि चढला. मागे वळून बघितलं की नाही, गर्दीत कळलं नाही.
घरी आले तर आई रुखवतासाठी तोरण विणत बसलेली. "रंग कसा वाटतो?"
छान, म्हटलं. तिला अजून सांगितलेलं नाही.