दोन घरचा बोका

चि. हार्लन यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, वर्नाचे, आशीर्वाद. तुझा नवा गुडघा कसा आहे? लॉरेनचा खोकला गेला का? तिने पाठवलेला मुरांबा पोचला, चव उत्तम आहे असं तिला सांग (काढताना चमचा वाकला, ते सांगू नकोस). इकडे मीही ठीक आहे. उजव्या हातावर पाच ओरखडे आणि डाव्या अंगठ्याला पट्टी आहे, म्हणून अक्षर असं मुंग्यांच्या रांगेसारखं आलंय. ते का, हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहिते आहे असं तूर्त समज.

माझा बोका बिशप तुला ठाऊक आहे. काळा कुळकुळीत, गळ्याशी पांढरी पट्टी. क्लेटन गेला आणि मी विधवा झाले त्या हिवाळ्यात हा आपणहून दारात येऊन बसला, आत आला आणि थेट क्लेटनच्या खुर्चीत चढला. मी त्याला उठवलं नाही. खुर्ची रिकामी पाहण्यापेक्षा त्यात कुणीतरी घोरत असलेलं बरं वाटतं, दुसरं काही नाही. सकाळी खाऊन तो जो बाहेर पडायचा तो थेट चारला परत. मला वाटायचं, गावात फिरत असेल. तर गेल्या गुरुवारी चर्चच्या बायका माझ्याकडे गोधडी शिवायला बसल्या होत्या. आधी बर्निसने पोटरी खाजवली, मग तिच्या शेजारणीने. आपल्याकडच्या बायका तुला माहीत आहेत, अंगावर छप्पर कोसळलं तरी म्हणतील, हवा खेळती झाली हो. पिसवांचं नाव कोण काढणार? एकेकीने हळूच पाय वर घेतले, माझी कॉफी आज फारच छान झाल्याचं सांगितलं आणि तासभर आधीच सगळ्या घरी गेल्या. समजायचं ते मी समजले.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी त्याच्या मानेमागे औषधाची नळी रिकामी केली. औषध मांजराचंच होतं, त्याच्या वजनाचंच होतं (कुत्र्याचं नव्हे, तुझ्या बहिणीला वाचता येतं). महाराज रुसून बाहेर गेले. अकराला परत आले ते वेगळेच. तोंडातून फेस, कान फडफडतायत, पाठीची कातडी लाटेसारखी हलतेय, मधूनच दचकून उडी मारतोय, जणू मागून कुणी चिमटा काढतंय. मग खुर्चीवर चढायला गेला आणि त्याचे मागचे पाय घसरले.  त्या खुर्चीतलं एक माणूस मी घालवलंय, दुसरं घालवायची माझी तयारी नव्हती.

मी गुरांच्या डॉक्टरला, आपल्या बर्गलिंडला, फोन लावला. आता शनिवार कुठला होता, तर मासेमारी खुली होण्याचा पहिला दिवस. म्हणजे गावात एक पुरुष शिल्लक नाही. पाद्री तळ्यावर, पोस्टमास्तर तळ्यावर, बर्गलिंडही तळ्यावर. त्याने होडीतूनच फोन उचलला आणि कुजबुजत बोलायला लागला (मासे घाबरतील म्हणून). त्याने सांगितलं की भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी घेऊन मान दोनदा खळखळून धू, टॉवेलात गुंडाळून ऊब दे, चाटू देऊ नकोस, मी काठाला लागतो आणि येतो. मग विचारलं, एकाच नळीने एवढं व्हायला नको, आणखी कुणी औषध घातलं का? मला रागच आला. मी म्हटलं, माझ्या घरात मी एकटी राहते आणि मला विसरायचा रोग अजून जडलेला नाही.

धुवायचं म्हणजे धरायला कुणीतरी हवं. मी एकटीने प्रयत्न केला, पाच ओरखडे ते हेच. बायका सगळ्या तळ्यावर डबे घेऊन गेलेल्या. उभ्या गल्लीत एकच माणूस घरी होता, हर्नियाच्या ऑपरेशनमुळे अडकून पडलेला. ऑर्विल लुंडीन. होय, तोच. क्लेटनला चोर ठरवल्यापासून अकरा वर्षांत मी ज्याच्या दिशेने मान वळवली नाही, तो. मी बोक्याला टॉवेलात गुंडाळला, कुंपणाला वळसा घातला आणि अडला हरी म्हणतात तसं त्याचं दार कोपराने ठोठावलं.

त्याने दार उघडलं, आधी माझ्याकडे पाहिलं, मग टॉवेलाकडे, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"वर्ना, माझ्या डिझेलला काय झालं?"

मी म्हटलं, "कोण डिझेल? हा माझा बिशप आहे."

बोलता बोलता माझी नजर त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेली. तिथे औषधाची एक नळी होती. रिकामी. माझ्या नळीसारखीच.

"दहा वाजता घातलं मी," तो म्हणाला. "पिसवा झाल्यात त्याला."

"मी आठला," मी म्हटलं.

पुढचा अर्धा तास सिंकमध्ये उभं राहून बोका एकटाच सगळ्यांच्या वाटचं बोलत होता. ऑर्विलने एका हाताने पोटावरचे टाके धरले आणि दुसऱ्या हाताने बोका. मी साबण लावला. अंगठा तेव्हाच चावला गेला. दुसऱ्यांदा धुतल्यावर फेस थांबला, मग कातडीचं हलणं कमी झालं, आणि शेवटी त्याने माझ्याकडे असं तुच्छतेने पाहिलं की मला कळलं, हा जगणार. मी तिथेच रडले. साबण डोळ्यात गेला असं सांगितलं. ऑर्विलच्या डोळ्यातही गेला होता म्हणे. बर्गलिंड पाणी निथळत्या बुटांनी आला, बोक्याला तपासलं आणि म्हणाला, धोका टळला. मग बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. गेल्या वर्षी आम्ही दोघांनीही याला वेगवेगळं नेऊन सुई टोचून आणली होती. त्याला आपलं वाटायचं, गावात असे दोन बोके आहेत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हा मेला दोन घरचं खाऊन साडेसात किलोचा झाला होता.

डॉक्टर गेल्यावर ऑर्विलने कॉफी टाकली. बोका दोघांच्या मध्ये खुर्चीत झोपला. ऑर्विल कपात बघत म्हणाला, "वर्ना, ते बर्फाला भोक पाडायचं गिरमीट क्लेटनने नेलं असलं तरी आता माझ्या मनात काही नाही. मी त्याला केव्हाच माफ केलंय. मातीला यायला हवं होतं मी."

मी कॉफी छान झाल्याचं सांगितलं आणि उठून घरी आले.

असो. बाकी सर्व ठीक. लॉरेनला नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
वर्ना

ता. क. बोका आता खातोय. औषध कुणी कधी घातलं हे लिहायला दोन्ही घरांत कॅलेंडर टांगलंय. नावावर अजून एकमत नाही. तो दोन्ही नावांना सारखाच ओ देत नाही.

ता. क. २. गेल्याच्या गेल्या नाताळात मी तुझ्याकडे आले होते, तेव्हा घडीच्या खुर्च्या आणायला तू मला गॅरेजमध्ये पाठवलंस. ताडपत्रीखाली लाल दांड्याचं गिरमीट होतं, दांड्यावर लुंडीनने चाकूने कोरलेलं स्वतःचं नाव. तेव्हा मी काही बोलले नाही. लॉरेनने पानं वाढली होती. आणि क्लेटनही नव्हता, मग आता कुणाला सांगायचं, असं वाटलं. चुकलंच माझं. न बोलण्याने काय होतं ते मी शनिवारी सिंकमध्ये पाहिलं. मला शेजाऱ्याचा राग चालला असता, हार्लन. त्याची माफी मला सोसत नाही. जे क्लेटनने केलंच नाही, ते त्याला कुणी माफ करायचं नाही.

ता. क. ३. तेव्हा येत्या रविवारी गिरमीट घेऊन ये. पात्याला तेल लाव. त्याच्या दारापर्यंत मी बरोबर येईन, पण बोलायचं तू, आणि क्लेटनने ते नेलं नव्हतं, असं त्याचं नाव घेऊन सांगायचं. येणार नसशील तर एवढं ध्यानात ठेव, भिजलेल्या बोक्याला कसं धरून ठेवायचं ते मी आता शिकले आहे, आणि नव्या गुडघ्यानेही तू त्याच्यापेक्षा हळूच पळतोस.