मी गांडूळ नाही

टिटेल, मंगळवार

प्रिय कुमा पेर्सिदा हिला स्टामेन्काचा रामराम न म्हणता नुसता नमस्कार, कारण रामराम म्हणण्याइतकी आज मी खुशीत नाही. देव तुझ्या गुडघ्यांना अक्कल देवो. तुझा रक्तदाब, तुझी बदकं आणि तुझ्या नवऱ्याचा खोकला आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. नसतील तर कळव, पण थोडक्यात. फोनच केला असता, पण तू फोन टेबलावर ठेवून सगळ्या किकिंदाला ऐकू जाईल असा लावतेस, आणि भिंतीपलीकडे तुझा ग्वोझ्देन बसलेला असतो. हे पत्र त्याच्याबद्दलच आहे. वाचून झालं की पिठाच्या डब्यात खुपसून ठेव. पोरगा सत्तावीस वर्षांचा झाला, पण पिठाच्या डब्याला त्याचा हात अजून लागलेला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आधी पायाचं सांगते. जिन्यावरून पडले असं मी तुला म्हणाले होते. ते खोटं. आमच्या घराला जिनाच नाही. (तीस वर्षं येतेस-जातेस, एवढं तुझ्या लक्षात यायला हवं होतं.) झालं असं की आयवाराच्या चटणीसाठी साठ किलो लाल मिरच्या भाजून अंगणात सोलत होते, आणि शेजारची मिलेनिया कुंपणावरून म्हणाली, "यंदा तुमचा आयवार जरा पातळच दिसतोय, नाही?" माझा आयवार! पातळ! चमचा उभा राहतो त्यात, चमचा काय, मिलेनिया उभी राहील. हेच तिला तोंडावर सांगायला मी ताडकन वळले आणि मिरचीच्या सालीवरून घसरले. उत्तर अर्धंच राहिलं, पाय मात्र पूर्ण मोडला. डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे प्लास्टर, पाय उंचावर, आणि डोकं शांत. पहिल्या दोन गोष्टी जमल्या.

तिसरीसाठी आमच्या दुन्याने लिंझहून फोनवर उपाय सांगितला. उन्हाळ्यात ती तिचा जुना संगणक इथे ठेवून गेली होती. "आई, गावावर कुरकुरण्यापेक्षा हा खेळ खेळ. जगभरची माणसं असतात त्यात. तलवार मिळते." तलवार म्हटल्यावर मी जरा सरसावून बसले. मी सहावीतून उठून डबाबंदीच्या कारखान्यात टोमॅटो निवडायला गेलेली बाई, एका बोटाने टाइप करते. पण खेळाने पहिल्याच पायरीवर मला अडवलं: तुमचं नाव निवडा. म्हणजे काय? आपणच आपलं नाव ठेवायचं? आपल्याकडे असं भिकारीसुद्धा करत नाही. नाव ठेवतो तो कुम, पोराला चर्चमध्ये हातावर घेणारा धर्मपिता (बाई असली तर कुमा), आई-बापालासुद्धा न विचारता. माझा कुम, म्हातारा सावा, जाऊन नऊ वर्षं झाली. मग मी ती जागा कोरी सोडली, आणि खेळाने मला परस्पर "वाटसरू ४४१७" करून टाकलं. ठीक आहे म्हटलं. नंबर हा अपमान नाही, नुसती रांग आहे.

या खेळात एकट्याने काही होत नाही, टोळी लागते. तूच मागे सांगितलं होतंस ना, आमचा ग्वोझ्देन एकशे चाळीस माणसांचा सेनापती आहे म्हणून? (तेव्हा मला वाटलं नोकरी लागली.) म्हणून मी त्याचीच टोळी शोधली, "पोलादी वारा", आणि गुपचूप आत शिरले. म्हटलं, आपलं पोर काय करतं ते बघू तरी. तर तिथे तुझा लेक काळं चिलखत घालून, "काळा सेनापती" नाव लावून, दगडावर उभा. घरी ताट उचलत नाही, तिथे हातभर तलवार उचलून होता. आणि मला बघून पहिला शब्द काय लिहिला त्याने?

"चला, आणखी एक गांडूळ आलं."

पेर्सिदा, मी संगणकाला आयवाराचा डाव फेकून मारणार होते.

तिथे सगळ्या नव्या माणसांना गांडूळच म्हणतात, कारण ती गळाला लावतात. एक गुहा आहे, तिला शंभर भोकं, आत एक आंधळा अजगर. तो दर वेळी वेगळ्याच भोकातून तोंड काढतो. कुठल्या ते कळण्यासाठी आधी कुणीतरी खाल्लं जावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. एकदा खाल्लं गेलं की मागून जुने लोक येतात, अजगर मारतात, सोनं वाटून घेतात. आम्हाला पुन्हा जिवंत करतात, पण जोडे परत मिळत नाहीत. मी अकरा वेळा मेले, कुमा, अकराही वेळा अनवाणी उठले. एक पाय प्लास्टरमध्ये असलेल्या बाईला ते जास्तच लागतं.

आणि माणसं तरी कोण! झ्रेन्यानिनचा एक दातांचा डॉक्टर, पन्नाशीचा. स्कोप्येची एक मुलगी, रात्रपाळीची नर्स. एक निवृत्त पाद्री आहे असा मला संशय आहे, कारण मरताना दर वेळी "तथास्तु" लिहितो. सकाळी हजेरी घेताना यांनी काय लिहायचं? "हजर, गांडूळ." आणि लिहितात! दातांचा डॉक्टर लिहितो! ज्याच्यापुढे अख्खं झ्रेन्यानिन आ वासून बसतं!

मी लिहिलं, "हजर, स्त्री." सेनापती म्हणाला, "गांडूळ लिही." मी म्हटलं, "तुझी आजी गांडूळ." (तिची क्षमा मागते. तुझी सासू सज्जन होती, बटाटे कच्चे ठेवायची एवढंच.) मग तो म्हणतो, "बरं, गांडूळ नको तर काय म्हणू, तूच सांग." तिथे जी चर्चा झाली ती बाजारात मासे उतरताना होते तशी. कुणी म्हणालं शिकाऊ. मी म्हटलं, शिकाऊ खाटकाकडे असतात, त्यांना निदान कापायला तरी देतात. कुणी म्हणालं पाहुणे. पाहुणा तीन दिवसांत नकोसा होतो, आम्ही राहायला आलोय. नर्स बिचारी म्हणाली, "कोवळे म्हणा ना." कोवळं म्हटल्यावर अजगराला आणखी भूक लागेल, बाई.

मग मी एका बोटाने सगळ्यांना एक गोष्ट लिहून सांगितली. पाऊण तास लागला, पण कुणी हललं नाही. एक मूल सातव्या महिन्यात जन्मलं. एक किलो नऊशे. मांजराएवढं, आणि मांजर निदान ओरडतं तरी. सगळे म्हणाले, टिकत नाही. आई घरी भट्टीपाशी बसलेली, कारण आमच्याकडे आईने चर्चमध्ये यायचं नसतं. कुमा त्याला हातावर घेऊन पुढे, बाकी सगळे मागे, कारण कुम नेहमी आधी आत जातो. पाद्रीने विचारलं, नाव? आता जे दिसत होतं तेच म्हणायचं तर "काडी" म्हणावं लागलं असतं. पण नाव दिसतं त्याचं ठेवत नाहीत. पोर दुबळं असेल तर त्याला लांडगा म्हणा, दगड म्हणा, म्हणजे मरण दारात येऊन नाव ऐकतं आणि परत जातं. तिने म्हटलं, लोखंड. ("ग्वोझ्देन" असं लिहिलं असतं तर त्याने लगेच ओळखलं असतं, म्हणून नावाचा नुसता अर्थ लिहिला.) मुलं चर्चमधून धावत सुटली, आईला नाव सांगायला. आणि पोर टिकलं. ही गोष्ट. आता सांगा, नव्याला गांडूळ म्हणून तुमची टोळी पोलादी कशी होणार?

काळ्या सेनापतीने आधी तलवार म्यानात घातली. मग लिहिलं, "टोळीत गोष्टी सांगायला बंदी आहे."

बंदी तर बंदी. दुसऱ्या दिवशी गुहेपाशी गेल्यावर मी खाली बसले. खेळात बसायचं बटण आहे, ते मला फार आवडतं. माझ्याबरोबर दातांचा डॉक्टर बसला, नर्स बसली, "तथास्तु" बसला, आम्ही नवे चौदाच्या चौदा. शेकोटी पेटवली. सेनापती ओरडला, "उठा, गांडुळांनो!" एक हलेल तर शपथ. शेवटी तो स्वतः रागारागाने पुढे गेला, आणि अजगराने त्याला चार सेकंदांत गिळलं. इतकी वर्षं सेनापती, पण तोंड कुठून येतं हे त्याने कधी स्वतः पाहिलंच नव्हतं. उठला तेव्हा अनवाणी होता. डॉक्टरने विचारलं, "दुखलं का?" (सवयीने विचारलं हो, वाईट हेतू नव्हता.)

तेव्हापासून हुकूम आहे: रविवारी दुपारी बारापर्यंत वाटसरू ४४१७ ने सगळ्यांसमोर "मी गांडूळ" लिहावं, नाहीतर टोळीबाहेर. मी लिहिणार नाही. मी कारखान्यात मुकादमाला "साहेब" म्हटलं नाही, लग्नात नवऱ्याला "धनी" म्हटलं नाही. माझी अट मी कळवून टाकली आहे: जो जुना नव्याला आत घेईल तो त्याचा कुम. त्याने नाव ठेवायचं, आणि गुहेत त्यानेच पुढे चालायचं. नाहीतर चौदा जण रविवारी निघून जाऊ आणि "मऊ वारा" नावाची टोळी काढू.

तुझी कुमा, पाय वर करून बसलेली पण मान ताठ असलेली,
स्टामेन्का

ता. क. मी कोण आहे हे ग्वोझ्देनला सांगू नकोस. मी त्याची कुमा, आणि कुम म्हणजे काही सदऱ्याचं बटण नव्हे, की हवं तेव्हा तोडून टाकावं. त्याला कळलं तर रीत म्हणून हात जोडून गप्प बसेल. मला तसं जिंकायचं नाही. नंबर म्हणूनच जिंकायचंय.

ता. क. दुसरा, बुधवार. पोस्ट काल लवकर बंद झालं, म्हणून पत्र इथेच आहे. आज सकाळी सेनापतीचं उत्तर आलं. अट मान्य! गांडूळ शब्द बंद! मी तुझ्या नावाने एक पेला राकिया घेतली. मग पुढची ओळ वाचली: "४४१७ ला टोळीत मी घेतलं, म्हणजे कुम मी. तिचं नाव मी ठेवणार, रविवारी बाराला. आणि पाय उंचावर ठेव, कुमा." पायाचं मी टोळीत कुणालाही बोलले नव्हते. तेव्हा कुठल्या टेबलावरच्या कुठल्या फोनमधून ते भिंतीपलीकडे गेलं, हे मी विचारत नाही. आता पत्र पिठात खुपसलं नाहीस तरी चालेल.

ता. क. तिसरा. आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. कुमाने दिलेलं नाव परत करता येत नाही, हा नियम मीच एकशे चाळीस लोकांना एका बोटाने शिकवला आहे. आणि तुझ्या लेकाने ओळीच्या शेवटी एक हसरं तोंड काढलंय, ते मला अजिबात आवडलेलं नाही. नाव कुमाने एकट्याने ठरवायचं असतं, तू त्यात पडायचं नाहीस, ती रीत आहे. पण रविवारी सकाळी नाश्त्याला, त्याला ऐकू जाईल असं (तुला ते छान जमतं), तू सहज आठवण काढ, की कारखान्यात बॉयलर फुटला तेव्हा सगळे पळाले आणि झडप बंद करायला एकटी स्टामेन्का गेली. झडप, पेर्सिदा. मिरचीची साल नव्हे. साल हा शब्द तुझ्या तोंडातून निघाला, तर यंदाच्या आयवाराच्या बारा बरण्या मिलेनियाला जातील.

आणि तरीही त्याने गांडूळच ठेवलं, तर ठेवू दे. घेईन मी. पण मग गुहेत पुढे तो चालेल.