डोक्यावरचा रुमाल

अण्णा, परवा कन्नडच्या एसटीला ही झुंबड होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं डोक्याचा रुमाल सोडून खिडकीतून सीटवर टाकला आणि मला म्हणाला, "बाई, तुमी बसा, रुमाल टाकलाय." मी बसले, आणि कन्नड येईपर्यंत तुमच्यावर चिडत राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरीही.

पोलिस अ‍ॅक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि औरंगाबादची आपली शाळा उर्दूची मराठी झाली होती. उर्दूत शिकलेले, उर्दूतच शिकवत आलेले तुम्ही आता फळ्यावर मराठी लिहीत होता आणि मी तुमच्याच वर्गात होते. पुण्याकडचे नवे साहेब तपासणीला येतात. धड्यातले शब्द विचारतात. "रुमाल म्हणजे काय?" मी हात वर करते. "डोक्याला बांधायचं कापड." साहेब हसतात. "अगं, तो फेटा. रुमाल खिशात असतो." सगळा वर्ग हसतो. मी तुमच्याकडं बघते. तुमच्या डोक्याला त्या घटकेला लाल रुमाल बांधलेला आहे, अण्णा! आणि तुम्ही म्हणता, "व्हय साहेब. चुकली ती."

संध्याकाळी मात्र चुलीपुढं बसून तुम्ही मला सगळं समजावलंत. "फारसी शब्द हाय तो. रू म्हणजे चेहरा, माल म्हणजे पुसणारं. तोंड पुसायचं फडकं. आपल्याकडं आलं नि डोक्यावर चढलं. कचेरीत कागद बांधून ठेवत्यात, तेबी रुमालच. तुझं बरोबर होतं, त्यांचंबी बरोबर होतं."

"मग तिथं का नाय सांगितलं?" मी विचारलं. आईनं तव्यावर भाकरी टाकली आणि मला डोळ्यांनीच गप्प केलं. तुम्ही ताट पुढं ओढलंत. दुसऱ्या दिवशी टोपी घालून शाळेत गेलात, रुमाल पुन्हा कधी बांधला नाहीत. मीही त्या वर्षी वर्गात परत हात वर केला नाही.

तुम्ही गेल्यावर एकदा मी आईपाशी हा राग काढला. ती म्हणाली, "जुन्या मास्तरांना मराठीची परीक्षा होती. तुझे अण्णा नापास झाले व्हते. त्या साहेबानं मनात आणलं असतं तर घरी बसवलं असतं. तुम्हाला खायला काय घातलं असतं?"

हे मला का नाही सांगितलंत? शब्दाचं पार फारसीपर्यंतचं मूळ सांगितलंत आणि एवढंच दडवलंत. आईनं सांगेपर्यंत इतकी वर्षं मी तुम्हाला भित्रं समजत होते.

हे पत्र कुठं पाठवणार? मुलांनाही दाखवायचं नाही, ती हसतील. त्या दिवशी तुम्ही बोलायला हवं होतं, असंच मला अजून वाटतं. तुमच्या जागी मी बोलले असते का, ते मात्र छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.