ढेमस, पिंजरा आणि आई

प्रिय बाबा,

तुम्हाला न विचारता घरात कुत्र्याचं पिल्लू आणलंय. आता विचारायची सोय नाही, म्हणून निदान कळवावं, एवढ्यासाठी हे पत्र. शिवाय उद्यापासून मी इतवारीतल्या दुकानात परत कामाला जाणार आहे, आणि त्यात या पिल्लाचा हात आहे.

रंग सोडला तर सगळं भाजीतल्या ढेमसासारखं गोल, म्हणून आईने नावच ठेवलं ढेमस. सोबत बर्डीच्या बाजारातून लोखंडी पिंजराही आणलाय. दुकानवाला त्याला क्रेट म्हणतो. त्यात बसायची सवय लागली की पिल्लू एकटं राहिलं तरी घाबरत नाही, असं त्याने समजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कोंडूनच ठेवाचं होतं तं आणलं काहून वं?"

तुम्ही असता तर ढेमस उंबऱ्याच्या आत आलंच नसतं. "सूत आन कुत्रं एका घरात नांदत नाही," म्हणत तुम्ही माझं लहानपणीचं पिल्लू उमरेडच्या आत्याकडे पाठवून दिलंत. त्याचा राग मला अजून आहे. बरं, हातमाग विकल्यावर तरी? तेव्हा कुठे सूत पसरलेलं असायचं हो घरात?

खरी अडचण पिल्लाची नव्हती, आईची होती. तुम्ही गेल्यापासून ती घरात एकटी थांबत नाही. मी कामावर निघाले की तीही कुलूप लावायची आणि मी येईपर्यंत चौकातल्या देवळाच्या पायरीवर बसून राहायची, उन्हातान्हात. एकदा तिथेच भोवळ येऊन पडली. तेव्हापासून मी रजेवर आहे. आता शेठचा निरोप आला, सोमवारी ये, नाहीतर दुसरी मुलगी ठेवतो.

म्हणून ढेमस, तिला घरात सोबतीला. पद्धत सोपी आहे. खाणं पिंजऱ्यातच द्यायचं, दार आधी उघडं ठेवायचं, मग थोडा वेळ लावायचं, बाहेर जायचं, परत यायचं. वेळ हळूहळू वाढवत न्यायचा. खरं सांगू? मी दोघांनाही एकदमच शिकवत होते. आधी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली, मग गिरणीवर जाऊन आले. दरवेळी तेच. ते कुईकुई करायचं, ही दार उघडायची, आणि दोघं बाहेर ओट्यावर माझी वाट बघत बसलेली. अशा विद्यार्थ्यांचं काय करावं?

काल आईला पिंजऱ्याच्या पत्र्यावर झोपणाऱ्या ढेमसाची कीव आली. तिने माळ्यावरून तुम्ही साठवलेल्या तुटक्या सुताची गोणी काढली आणि गादीसारखं अंथरलं. विणकराच्या घरातच सुचणार हे. मी आंघोळ करून येते तर ढेमस पाय, मान, शेपूट सगळं गुंतवून किंचाळतंय. ठरलं तुमचं म्हणणं खरं, घ्या.

मी कात्री आणली. आईने ती हातातून काढून घेतली. "सूत कापाचं नसते. सोडवाचं असते." त्याला मांडीवर घेऊन, मागावर ताण्याचं तुटलेलं सूत जोडायला बसायची तशी, ती एकेक धागा मोकळा करत बसली. माझं जेवण झालं, भांडी झाली, तरी तिचं चालूच. "हालू नको गा, हालला तं अजून आवळते," असं त्याच्याशी सारखं बोलत होती. तुम्ही गेल्यावर तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं, ते मी मोरीत जाऊन आटोपलं.

पिल्लू मांडीवरच झोपलं. तिने स्वतःची जुनी साडी पिंजऱ्यात घालून त्याला आत ठेवलं आणि दार स्वतःच्या हाताने लावलं.

आज मी मुद्दाम बर्डीवर गेले, काही काम नसताना. परतताना देवळाकडे पाहिलं, पायरी रिकामी होती. घराला कुलूप नव्हतं. ढेमस पिंजऱ्यात, आणि बाजूला चटईवर आई गहू निवडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "इतक्या लवकर काहून आली? आत्ताच झोपलं ते."

तर बाबा, एक शब्द देते. उद्या मी तिला घरात सोडून जाईन. रोज जाईन. दारातून "येते" म्हणेन आणि रोज परत येईन. दवाखान्यात जाताना तुम्हीही तिला "येतो" म्हणाला होतात.

तुमची,
छबू