पत्राचं उत्तर पत्राने

मोरकम,
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय ऑड्रीताईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरी मोजे पोहोचले. लहानपणीच्या पोलिओपासून माझा डावा पाय हलून कशाचीच पोच देत नाही आणि उजव्याची फक्त बोटं हलतात, त्यामुळे उजव्याने दोघांच्या वतीने आभार मानले आहेत. गेनरने मोजे गालाला लावून पाहिले आणि रंग निळा असणार असं सांगितलं. ते तपकिरी आहेत. मी निळेच म्हणालो. तिची नजर आता अगदी गेली आहे. उजेड कुठे आहे तेवढं कळतं.

हवा अजून गोड आहे. दुपारी आम्ही किनाऱ्यावर जातो, ती माझी चाकाची खुर्ची ढकलते आणि मी डावं-उजवं सांगतो. परवा मी पलीकडच्या डोंगरांवरची सावली बघत राहिलो, उजवं म्हणायला विसरलो आणि आम्ही थेट एका बाकड्यावर आदळलो. बाकड्यावरचे गृहस्थ चहासकट उभे राहिले आणि ही गाडी चालवतंय तरी कोण, म्हणून ओरडले. गेनरने त्यांना शांतपणे सांगितलं की ड्रायव्हर कवी आहे आणि इंजिन आंधळं, तेव्हा तुम्हीच जपा.

बातमी म्हणशील तर एकच. सरकारचं पत्र आलंय. गेनरच्या नावावर आम्हा नवरा-बायकोला मिळणारे जुने भत्ते बंद होऊन सगळं एका नव्या योजनेत जायचं आहे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत मुदत आहे. तुला आठवतात ना आपल्या शाळेतल्या मिस ऑलरेनशॉ? बाकीची पोरं मैदानावर गेली की मला खिडकीशी बसवून कविता पाठ करून घ्यायच्या. त्या म्हणायच्या की आलेल्या पत्राला त्याच आठवड्यात पत्राने उत्तर द्यावं. न देणं म्हणजे आलेल्या माणसाला दारात उभं ठेवणं. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. आमची हरकत नाही, दोघांची नावं कृपया नव्या योजनेत लिहून घ्यावीत, असं स्पष्ट कळवलं, आणि खाली पानगळीवर स्वतःच्या दोन ओळी. संगणकावरून किंवा फोनवरून अर्ज करावा असंही त्यात छापलंय, पण ते ज्यांना पत्र लिहायची सवय राहिली नाही त्यांच्यासाठी असावं.

गेनरचा नमस्कार. आहे तो लोभ थंडीत आकसू देऊ नकोस.

तुझा,
नेव्हिल


हल,
३ ऑक्टोबर

चि. नेव्हिल यास,
अनेक आशीर्वाद.

सरकारला पानगळीवर कविता पाठवणारा आपल्या घराण्यात तू पहिला आणि देव करो, शेवटचा. ज्या कारकुनाने ती वाचली असेल त्याने दुपारची सुट्टी घेतली असेल. पण उत्तर दिलंस हे बरं केलंस. तुझं अक्षर बघून तरी त्यांना समजेल की माणूस शहाण्या शाळेतला आहे.

मी ठीक आहे. कंबर कुरकुरते. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर घर घेताना तुझ्या मेव्हण्याला हवा पाहिजे होती. तो गेला, हवा मला ठेवून. भाजी आणायला उतरले की वर येईपर्यंत भाजी शिळी होते.

एक मात्र नीट ऐक. खालच्या मजल्यावरच्या मिसेस टॅपस्कॉटला कुणी तरी सरकारच्या नावाने फोन करून लुबाडलं. तेव्हा बँक, सरकार, असं कुणी म्हणालं की गेनरने तोंडातून अवाक्षर न काढता फोन ठेवायचा. आपल्या घरात फोन फक्त कुणी गेलं तरच करतात, ही रीत काही उगाच नव्हती.

सकाळी तुला उठवायला येते त्या नोरीनला सांग, तुला रोज दाढी करायला लावत जा म्हणून. मागच्या फोटोत तू वादळातून वाचलेल्या खलाशासारखा दिसत होतास.

दोघांनी जपून राहा आणि या म्हातारीवर माया ठेवा.

तुझी ताई,
ऑड्री


मोरकम,
२ डिसेंबर

प्रिय ऑड्रीताईस,
स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, मिस ऑलरेनशॉ माफ करोत. गेनरला खोकला होता. आता उतरलाय.

नोरीन रोज सकाळी येते, मला पलंगाशी बसवलेल्या उचलायच्या यंत्राच्या पट्ट्याच्या झोळीत घालून पलंगावरून खुर्चीत उतरवते आणि येतानाच राजेसाहेब उठले का म्हणून हाक देते. दाढीचा निरोप दिला. ती म्हणाली की पगारात फक्त माणूस उठवायचं ठरलंय, देखणा करायचं नाही.

सरकारकडून पुन्हा एक पत्र आलं, तेच, आठवणीचं. आमची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली असणार. पूर्वी आपल्या आईची आणि मावशीची कायम ओलांडायची. एक विचारायची तब्येत कशी आहे, आणि दुसरीचं त्याच दिवशी येऊन पडायचं की बरी आहे. पुन्हा पाठवून त्यांना घाई केल्यासारखं नको, म्हणून थांबलोय. तू सांगितलंस ते बरं झालं. मध्यंतरी तीनदा कुणा बाईचा फोन आला, नव्या योजनेबद्दल बोलायचंय म्हणून. गेनरने तिन्ही वेळा पटकन ठेवला. तिसऱ्यांदा ती बाई रडकुंडीला आल्यासारखी वाटली, असं गेनर म्हणते. चोरसुद्धा किती शिकून येतात बघ.

नाताळला प्लम केक पाठवतोय. गेनरने वासावर भाजलाय, कडेला थोडा करपलाय.

तुझा लोभी भाऊ,
नेव्हिल


मोरकम,
१९ जानेवारी २०२५

प्रिय ऑड्रीताईस,
स. न. वि. वि.

घाबरू नकोस, पण विचारायचं होतं. नवं वर्ष लागल्यापासून खात्यात पैसे आलेले नाहीत. माझं पेन्शन तेवढं येतं. सणाच्या सुट्ट्यांमुळे नव्या योजनेत नावं चढायला वेळ लागत असेल असं मी गेनरला सांगितलं. घरमालकाने मात्र आज भाडं आलं नाही म्हणून चिठ्ठी टाकली आहे. तीही मी उत्तर देऊन परत पाठवली.

तुझ्या ओळखीत अशा कामातलं कुणी आहे का? घाई नाही.

नेव्हिल


हल,
२५ जानेवारी

चि. नेव्हिल यास,
अ. आ.

परवा मी फोन केला तेव्हा तू आधी कोण गेलं म्हणून विचारलंस. कुणी गेलं नाही, पण फोन ठेवल्यावर मला तसंच वाटत होतं. माझ्या सांगण्याप्रमाणे गेनरने काल फोनवरून अर्ज केला, हे चांगलं झालं. मी इथल्या सल्ला केंद्रात जाऊन आले, तिथे सरकारी भत्त्यांच्या कामात फुकट मदत करतात. आता तिथे जे समजलं ते लिहून ठेवते, म्हणजे तुला पुन्हा वाचता येईल.

पत्र म्हणजे अर्ज नव्हे, नेव्हिल. तुझं पत्र त्यांना मिळालेलं आहे. केंद्रातल्या मुलीने विचारून घेतलं. ते फाइलमध्ये नीट लावलेलं आहे, कवितेसकट. पण त्याने काही होत नाही.

तुम्ही दोघंही अपंग आणि घरात बघणारं तिसरं कुणी नाही, म्हणून जुन्या पद्धतीत तुम्हाला एक जादा रक्कम मिळत होती. नव्या योजनेत अशी रक्कमच नाही. मुदतीत आलेल्यांना ती तूट भरून देतात. मुदत संपल्यावरही एक महिना सवलत असते. तोही आठवड्यापूर्वी संपला. आता तुम्हाला नव्या माणसांसारखं धरणार, म्हणजे ती तूट भरून मिळणार नाही, आणि पहिले पैसेही महिन्याहून जास्त थांबून.

फोन करणारी ती बाई चोर नव्हती. ती खरंच त्यांचीच होती. ठेवून द्यायला मी सांगितलं होतं. तू मला या पत्राच्या उत्तरात काहीही लिही, ते एवढं एक सोडून.

केंद्रातली मुलगी फेरविचाराची विनंती करणार आहे. चेहऱ्यावरून तिला आशा असल्यासारखं दिसलं नाही. सोबत थोडे पैसे पाठवतेय. परत पाठवलेस तर तुझ्याशी बोलणार नाही.

ताई


मोरकम,
११ मार्च

प्रिय ऑड्रीताईस,
स. न. वि. वि.

फेरविचाराचं उत्तर आलं. नम्र आहे. आमची अडचण त्यांना समजते, पण निर्णय बदलता येत नाही. एवढं चांगलं लिहिलेलं पत्र आणि त्यात एवढंच. मी ते गेनरला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा आवाज बदलून, की कदाचित वेगळा अर्थ निघेल.

नवे पैसे सुरू झाले. भाडं आणि खाणं होतं. विजेचं जेमतेम. नोरीनचं होत नाही. ती जादा रक्कम म्हणजेच नोरीन होती, हे आता कळलं. इतकी वर्षं मला ती आपली सकाळ वाटायची. नगरपालिकेकडे अर्ज केला आहे, त्यांची रांग लांब आहे. गेनर वयाने पेन्शनला आली की सगळं पुन्हा बदलेल म्हणतात. त्याला अजून तीन वर्षं आहेत.

नोरीन दोन आठवडे फुकट आली. मग तिला दुसरीकडे सकाळचं घर मिळालं, आणि मीच म्हटलं की घे. निघताना तिने मला राजेसाहेब म्हटलं नाही, नेव्हिल म्हटलं. त्याचंच वाईट वाटलं.

झोळी गेनर शिकली आहे. पट्टे ती बोटांनी मोजते. तिला घाई करायची नाही असं मी ठरवलंय, त्यामुळे माझी सकाळ आता दुपारी होते. पडल्या पडल्या पाठ असलेल्या कविता म्हणतो. ती म्हणते, तुझ्या जुन्या बाईंनी एखादी कविता कमी आणि एखादं काम जास्त शिकवलं असतं तर बरं झालं असतं. बोलून झाल्यावर तिने माझा हात शोधला, पण म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं. आणि ते खरंच आहे, ताई.

तू स्वतःला लावून घेऊ नकोस. एवढं एक सोडून लिही म्हणालीस, म्हणून इतकंच.

नेव्हिल


मोरकम,
८ एप्रिल

प्रिय ऑड्रीताईस,
स. न. वि. वि.

हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत टाक. चूल नाही हे माहीत आहे, तरी टाक.

शनिवारी झोळीचा एक पट्टा नीट बसला नव्हता. माझ्या लक्षात यायला हवं होतं, बघणारा मी आहे. मी अर्धा खुर्चीत, अर्धा हवेत, आणि मला धरायला गेनर खाली वाकली. दोघंही जमिनीवर. काही मोडलं नाही. आधी आम्ही खूप हसलो. ती म्हणाली की लग्नात वडील म्हणाले होते, हा मुलगा तुला खाली पाडणार.

मग उठता येईना. ती उठू शकत होती, पण यंत्राची झोळी जमिनीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे मला उठवू शकत नव्हती, आणि मला एकट्याला खाली ठेवून उभं राहायचं नाही म्हणून तीही बसून राहिली. मदतीला फोन करायचा का, तिने विचारलं. मी म्हटलं, ते येतील, उचलतील आणि लिहून घेतील की या दोघांना जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यातला एक आधी देखभालीच्या संस्थेत जातो. ज्याला चालता येत नाही, तो. तिने विचारलं, मग माझं काय. आम्ही फोन केला नाही.

तासाभराने गॅसमीटर बघणारा माणूस आला. दार उघडायला गेनर भिंत धरून गेली. तो भला होता, त्याने मला उचलून ठेवलं, चहा नको म्हणाला. जाताना तो विचारत होता की असं नेहमी होतं का. गेनरने सांगितलं, पहिल्यांदाच. पहिल्यांदा नव्हतं.

तुझी कंबर बरी नाही, तुझा जिना आम्हाला चढवत नाही, आणि आमच्याकडे तुला द्यायला नुसती बातमी आहे. तरी एक मागतो. कुणालाही काही कळवू नकोस. केंद्रातल्या त्या मुलीलाही नको. एरवी शेवटी लोभ मागतो, या वेळी एवढंच मागतोय.

तुझा,
नेव्हिल


हल,
१० एप्रिल

चि. नेव्हिल आणि चि. सौ. गेनर यांस,
अनेक आशीर्वाद.

कुणाला काही कळवलेलं नाही. ते बरोबर की चूक, मला समजत नाही, आणि विचारणार तरी कुणाला, कारण विचारायचं म्हणजे सांगायचं.

सोमवारच्या बसने येतेय. मिसेस टॅपस्कॉटचा भाचा बॅग खाली आणून देणार आहे. मला बसस्टॉपवर घ्यायला येऊ नका, तुमची गाडी मला माहीत आहे.

मी येऊन काय करणार, हे विचारू नकोस. तुला उचलणं माझ्याच्याने व्हायचं नाही. पुन्हा पडलात तर मीही शेजारी येऊन बसेन. मग मला उठवायलाही कुणी तरी लागेल. पण तोवर जमिनीवर तिघं असू.

तुमची,
ताई